नाकाबंदीत ‘फुंका’ म्हटल्यावर : वाहनचालकाने श्वासचाचणीला कसे सामोरे जावे

गटारी, धुळवड आणि एकतीस डिसेंबर या रात्री पोलीस रस्त्यावर उभे असणार, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ साली मद्यपी चालकांविरुद्ध जोरदार मोहीम उघडली आणि तेव्हापासून ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ हे शब्द मराठीतच रुळून गेले. तरीही प्रत्यक्ष बॅरिकेडपाशी गाडी थांबली आणि हवालदाराने खिडकीतून नळी पुढे केली की बहुतेकांची तारांबळ उडते. ज्याने थेंबही घेतलेला नाही तो उगाच चिडतो. ज्याने घेतलेली आहे तो ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतो. आणि यंत्रावर उमटलेला आकडा, त्याची वेळ व त्याची कागदावर झालेली नोंद या तीन गोष्टींकडे दोघांचेही लक्ष नसते. पुढे न्यायालयात, परिवहन कार्यालयात किंवा विमा कंपनीत जे काही घडते ते या तीन गोष्टींवर घडते. म्हणून यंत्राशी वाद घालण्यात शक्ती घालवू नये आणि नोंद मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी, या एका धोरणाभोवती पुढील सूचना रचलेल्या आहेत.

कायद्याची रेषा

मोटार वाहन अधिनियम १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. त्यामुळे मुंबईत, सोलापुरात, पणजीत किंवा बेळगावात रेषा एकच आहे. कलम १८५ नुसार वाहन चालवताना, अथवा चालवण्याचा प्रयत्न करताना, चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर गुन्हा होतो. ‘पेक्षा अधिक’ या शब्दांना अर्थ आहे. नेमके ३० आल्यास रेषा ओलांडलेली नसते. ‘चालवण्याचा प्रयत्न’ हे शब्दही लक्षात ठेवावेत, कारण बारच्या दारात स्कूटरला किल्ली लावून ती सुरू करू पाहणारा माणूस अजून एक फूटही पुढे गेलेला नसला तरी कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. दुचाकी, रिक्षा, मोटार, ट्रक असा भेद कायदा करत नाही.

पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या अथवा त्यापुढच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. त्याआधी पहिल्या वेळचा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता, आणि ‘दोन हजार भरले की सुटका’ हा समज त्या काळातून आजवर चालत आला आहे. महत्त्वाची बाब अशी की हा गुन्हा जागेवर तडजोडशुल्क भरून मिटवता येत नाही. हेल्मेट किंवा सिग्नलच्या ई-चलनासारखे हे प्रकरण नसून ते न्यायालयातच जाते. त्यामुळे रस्त्यावर कोणी ‘इथेच काय ते बघून टाकू’ असे सुचवले, तर ते सुचवणारा चालक असो वा गणवेशातील कोणी, ती लाच असते. देणाराही त्यात अडकतो. लाच मागितली गेल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक उपलब्ध आहे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. महाराष्ट्रात मद्यपानासाठी परवाना लागतो आणि अनेकांच्या पाकिटात तो आजीवन परवाना असतोही. तो पिण्याचा परवाना आहे; पिऊन गाडी चालवण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, आणि नाकाबंदीत तो दाखवणे म्हणजे आपण होऊन कबुली देण्यासारखे आहे.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती

‘एक बिअर चालते’ हे वाक्य प्रत्येक मित्रमंडळात कोणीतरी म्हणतोच, म्हणून ढोबळ हिशेब मांडून पाहू. आपल्याकडील व्हिस्की-रममध्ये सामान्यतः ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क झाला. हा मद्यार्क शरीरातील पाण्यात पसरतो. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे १०० मिलिलिटरला साधारण २५ मिलिग्रॅम इतके प्रमाण येऊ शकते. पन्नास किलोच्या स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्यामुळे तोच पेग ३५ च्या पुढे नेऊ शकतो. साठ मिलिलिटरचा मोठा पेग घेतला की पुरुषही पन्नाशीला पोहोचतो. आणि ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर? तिच्यात सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे चार लहान पेग असतात. साठ किलोच्या माणसाला ती शंभरच्या घरात नेते. जेवण झालेले असेल, पिण्यात वेळ गेलेला असेल, तर आकडे खाली येतात; पण ‘एक बिअर’ रेषेच्या आत बसवण्याइतके ते खाली येत नाहीत.

रक्तातून मद्यार्क उतरण्याचा वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम असतो. व्यक्तीनुसार तो दहा ते वीसच्या दरम्यान बदलतो. यकृत आपल्या गतीने काम करते आणि त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी करणे, मसाला पान, कच्चा कांदा, बडीशेप यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. पान आणि कांदा तोंडाचा वास झाकतात, हे खरे. परंतु यंत्र वास घेत नाही, ते फुप्फुसांतून आलेल्या हवेतील मद्यार्क मोजते.

या हिशेबाचा सर्वांत दुर्लक्षित भाग सकाळचा आहे. एका माणसाने १८० मिलिलिटरची पूर्ण क्वार्टर रात्री एकच्या सुमारास संपवली, तर साठ किलो वजनाला प्रमाण दीडशेच्या आसपास जाते. तेथून तिसावर यायला आठ तास लागतात. म्हणजे हळदीच्या रात्री जागून सकाळी सात वाजता वऱ्हाडाची गाडी घेऊन निघालेला, झोप झालेली, दात घासलेला, चहा प्यालेला भाचा कायद्याच्या भाषेत अजून प्यालेलाच असतो. असे चालक रात्रीच्या नाकाबंदीत सापडत नाहीत. ते सकाळच्या अपघातानंतरच्या चाचणीत सापडतात. लग्नघरात गाडी कोण चालवणार हे ठरवताना ‘काल कोणी घेतली नव्हती’ हा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

बॅरिकेडपाशी

गाडी हळू करावी, डाव्या बाजूला दाखवलेल्या जागी घ्यावी, आतला दिवा लावावा, काच पूर्ण खाली करावी आणि इंजिन बंद करावे. बॅरिकेड दिसताच वळसा घेणे किंवा उलट दिशेने निघून जाणे ही सर्वांत वाईट कल्पना आहे. पळण्याच्या प्रयत्नात अपघात होतात आणि संशयाला आयते कारण मिळते. दुचाकीस्वाराने गाडी स्टँडवर लावून हेल्मेट काढून उभे राहावे.

श्वासाचा नमुना मागण्याचा अधिकार कलम २०३ ने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास आणि मोटार वाहन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्यास दिलेला आहे. साध्या कपड्यांतील कोणी नळी पुढे केली तर गणवेशातील अधिकाऱ्यास बोलावण्याची शांतपणे विनंती करावी. कलमाच्या शब्दांनुसार चालक प्यालेला असल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असावे लागते. रस्त्यावर मात्र बहुधा असे होते की हवालदार दोन वाक्ये बोलायला लावतो, कुठून आलात, कुठे निघालात असे विचारतो, आणि वास आला, जीभ अडखळली किंवा डोळे लाल दिसले की यंत्र बाहेर काढतो. सणासुदीच्या रात्री मात्र सरसकट सर्वांनाच फुंकायला लावले जाते. सरसकट चाचणी कलमाच्या शब्दांत बसते का, हा प्रश्न वकिलासाठी चांगला आहे, परंतु तो रात्री साडेबाराला उड्डाणपुलाच्या तोंडावर सोडवण्याचा प्रयत्न करू नये. ज्याने घेतलेली नाही त्याने फुंकून वीस सेकंदांत मार्गी लागावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. फोनची बॅटरी मात्र अशाच वेळी संपते, तेव्हा चार्जर गाडीत असू द्यावा.

फुंकण्यापूर्वी आणि फुंकताना

चाचणी सुरू होण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे नळी. ती पाकीटबंद असावी आणि आपल्यासमोर फोडलेली असावी. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे मुंबईतील श्वासचाचण्या बंद कराव्या लागल्या होत्या. तेव्हापासून नवी नळी मागणाऱ्याकडे कोणी विचित्र नजरेने पाहत नाही. दुसरी गोष्ट यंत्राचे शून्य. प्रत्येक चाचणीपूर्वी यंत्र स्वतःतील हवा तपासते आणि पडद्यावर शून्य दाखवते. आधीच्या चालकाचा आकडा पडद्यावर तसाच असताना फुंकू नये. ‘साहेब, एकदा झिरो दाखवा’ एवढे म्हणणे पुरेसे असते. तिसरी गोष्ट घड्याळ. यंत्राच्या पडद्यावरील तारीख-वेळ आणि आपल्या फोनवरील वेळ जुळते का, ते पाहून ठेवावे.

शेवटचा घोट घेऊन पंधरा मिनिटे झालेली नसतील, ढेकर किंवा उलटी झालेली असेल, मद्यार्कयुक्त माउथवॉशने नुकत्याच चुळा भरलेल्या असतील किंवा काही औषध घेतलेले असेल, तर ते फुंकण्याआधी सांगावे. तोंडात आणि घशात रेंगाळलेला मद्यार्क फुप्फुसांतील हवेत मिसळून आकडा फुगवतो; तो पंधरा मिनिटांत नाहीसा होतो. म्हणून तेवढा वेळ थांबून चाचणी घेण्याची विनंती रास्त आहे. अधिकाऱ्याला एकाहून अधिक नमुने घेण्याची मुभा कलमातच आहे, तेव्हा दुसरी चाचणी ‘नियमात नाही’ असे उत्तर मिळाल्यास हे नम्रपणे निदर्शनास आणून द्यावे.

हा नियम आयुर्वेदिक आसव-अरिष्टे घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही औषधे आंबवून तयार होतात आणि त्यांच्यात मद्यार्क निसर्गतःच असतो. जेवणानंतर चार चमचे घेतल्याने रक्तातील प्रमाण दोन-चार मिलिग्रॅमच्या पलीकडे जाण्याची शक्यता नाही. परंतु घेतल्या घेतल्या फुंकले तर तोंडातील अंश यंत्राला चकवू शकतो. होमिओपॅथीच्या अर्कांचे आणि काही खोकल्याच्या औषधांचेही तसेच आहे. पंधरा मिनिटांनंतरही आकडा शंभरावर असेल, तर मात्र द्राक्षासवाचे नाव पुढे करू नये. न्यायालयांनी ही सबब पुष्कळदा ऐकलेली आहे.

फुंकण्याची रीत सोपी आहे. खोल श्वास घ्यावा, नळीभोवती ओठ घट्ट मिटावेत आणि यंत्राचा आवाज थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा सेकंद, एकसारखे फुंकावे. यंत्र सुरुवातीची हवा सोडून देते आणि फुप्फुसांच्या तळाची शेवटची हवा मोजते, कारण तीच रक्ताच्या संपर्कात आलेली असते. आतमध्ये प्लॅटिनमचे विद्युदग्र असलेला फ्युएल सेल असतो. मद्यार्काचे त्यावर ऑक्सिडीकरण होऊन जो सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो त्याचे मोजमाप होते. श्वासातील प्रमाणावरून रक्तातील प्रमाण काढताना २,१०० मिलिलिटर श्वासात जितका मद्यार्क तितकाच एक मिलिलिटर रक्तात, असे गृहीत धरलेले असते. हे गुणोत्तर माणसागणिक थोडे बदलते, म्हणून रेषेच्या अगदी जवळच्या आकड्याबाबत रक्तचाचणीला अर्थ उरतो. दीडशेच्या आकड्याबाबत तो जवळजवळ उरत नाही.

गाल फुगवून फुंकल्याचे नाटक करणे, नळीच्या कडेने हवा सोडणे, जीभ लावून भोक बंद करणे हे प्रकार यंत्राला कळतात. आतील दाबमापक पुरेशी हवा न आल्याची सूचना देतो आणि पुन्हा फुंकावे लागते. दोन-तीनदा असे झाले की त्याची गणना नकारात होऊ शकते. ज्याला खरोखरच दमा किंवा फुप्फुसांचा विकार आहे, त्याने तसे आधीच सांगावे, इनहेलर दाखवावा आणि त्याऐवजी वैद्यकीय तपासणीची मागणी करावी. काही इनहेलरमध्येही मद्यार्क असतो, तेव्हा तो ओढल्यावर पंधरा मिनिटांचा नियम येथेही लागू आहे. मधुमेहींच्या श्वासातील ॲसिटोनमुळे खोटा आकडा येतो अशी चर्चा ऐकू येते. स्वस्त घरगुती यंत्रांच्या बाबतीत ती शंका रास्त आहे, पण फ्युएल सेलच्या यंत्राला ॲसिटोन सहसा जाणवत नाही.

आकडा वाचणे

शून्य आले तर आभार मानून निघावे. शून्याहून अधिक पण तिसाच्या आत आले, तर कलम १८५ च्या या पोटभागाचा गुन्हा होत नाही. तरी गाडी सोबतच्या न प्यालेल्या व्यक्तीकडे द्यावी असे मी सुचवेन, कारण नुकताच घेतलेला पेग अजून रक्तात चढत असतो आणि पुढच्या नाक्यावरचा आकडा वेगळा असू शकतो.

तिसाच्या वर आकडा आला तर प्रथम एकक पाहावे. यंत्रे वेगवेगळ्या पद्धतींनी आकडा दाखवतात. १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅम असल्यास रेषा ३० ला आहे, टक्केवारी असल्यास ०.०३० ला आहे, आणि एक लिटर श्वासामागे मिलिग्रॅम दाखवणारे यंत्र असल्यास सुमारे ०.१४ ला आहे. यानंतर छापील पावती येते. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, चाचणीचा क्रमांक, तारीख, वेळ, आकडा, वाहनाचा क्रमांक आणि चालकाचे नाव बरोबर आहे का, ते एकेक करून वाचावे. हाताने भरलेले रकाने असतील तर ते भरल्यानंतरच सही करावी. कोऱ्या नमुन्यावर सही करू नये. नोंद चुकीची वाटली तर सही नाकारून भांडण्यापेक्षा सहीखाली ‘वेळ चुकीची आहे’ किंवा ‘दुसऱ्या चाचणीची मागणी केली, झाली नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून त्यापुढे वेळ टाकणे कितीतरी उपयोगाचे ठरते. पावतीची प्रत मागावी; न मिळाल्यास फोटो काढू देण्याची विनंती करावी. फोन मात्र अधिकाऱ्याच्या तोंडासमोर नाचवू नये. हुज्जतीचे रूपांतर धक्काबुक्कीत व्हायला क्षणही लागत नाही, आणि शासकीय कामात अडथळा हा स्वतंत्र व अधिक गंभीर गुन्हा आहे. मूळ प्रकरण दहा हजारांच्या दंडाचे असताना अनेकांनी स्वतःच्या हाताने ते वाढवून घेतलेले आहे.

नकार दिला तर

‘फुंकलेच नाही तर पुरावाच नाही’ हा सल्ला मित्र देतात, आणि तो चुकीचा आहे. चाचणीस नकार देणाऱ्या व्यक्तीने मद्य घेतल्याचा वाजवी संशय असेल तर कलम २०३ नुसार तिला वॉरंटशिवाय अटक करता येते. त्यानंतर कलम २०४ खाली पोलीस ठाण्यात डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेण्यास सांगता येते. आणि वाजवी कारण न दाखवता दिलेला नकार हा आरोपाला पुष्टी देणारी परिस्थिती मानता येतो, असे कलम २०५ सांगते. थोडक्यात, नकाराने एका आकड्याऐवजी अटक, रक्तचाचणी आणि प्रतिकूल अनुमान अशा तीन गोष्टी मागे लागतात.

अटक, ठाणे आणि रक्त

आकडा रेषेच्या वर असेल तर अधिकारी अटक करू शकतो. अटक होणारच असे नाही. पण ती झाली, तर येथून पुढे घड्याळ चालकाच्या बाजूने असते. कलम २०२ नुसार कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हावी लागते. न झाल्यास तिला कोठडीतून सोडावे लागते. सोडणे म्हणजे प्रकरण मिटणे नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. म्हणून अटकेची वेळ आणि डॉक्टरांसमोर उभे राहिल्याची वेळ या दोन्ही टिपून ठेवाव्यात. ठाण्यात नेल्यावर पुन्हा श्वासचाचणी देण्याची संधी मिळण्याचा हक्क कलम २०३ मध्येच आहे, आणि रस्त्यावरील आकडा तिसाच्या आसपास असेल तर ती संधी आवर्जून मागावी.

रक्त घेताना डॉक्टर त्वचा कशाने पुसतात ते पाहावे. स्पिरिटचा बोळा वापरला गेल्यास नमुन्यावर शंका राहते; मद्यार्क नसलेले जंतुनाशक वापरण्याची विनंती करावी. नळीवर नाव, तारीख, वेळ आणि स्वाक्षरी असलेली चिठ्ठी लागते, ती आपल्यासमोर लावली जाऊन मोहोरबंद होते का, हे पाहावे. आरोपी स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष असतील, तर दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच रक्त घेता येते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करण्यावरही फौजदारी प्रक्रियेत कडक निर्बंध आहेत. रस्त्यावरच्या श्वासचाचणीला मात्र ते लागू नाहीत.

मोहोरबंद नळीचा हा आग्रह कोणाला कीस काढणे वाटेल. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे झालेल्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना काही तासांनंतर घेतला गेला आणि तो बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, ही साखळी आरोपीला जितकी महत्त्वाची तितकीच मृतांच्या नातेवाइकांनाही आहे. अपघातग्रस्त पक्षाने म्हणूनच पहिल्या तासातच दुसऱ्या चालकाची चाचणी झाली का, हे तपास अधिकाऱ्यास लेखी विचारावे. चालक रुग्णालयात दाखल असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून, त्यांची हरकत नसल्यास, तेथेच चाचणी घेता येते.

गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा जामीन ठाण्यातूनच मिळू शकतो. अटकेचे कारण सांगितले जाणे आणि घरच्यांना कळवले जाणे हे हक्क आहेत. फोन नगरसेवकाला करण्याऐवजी अशा एका व्यक्तीला करावा जी प्यालेली नाही, जिच्याकडे वैध परवाना आहे आणि जी गाडी घेऊन जाईल. असे कोणी नसल्यास पोलीस गाडी ताब्यात ठेवण्याची व्यवस्था करतात. त्याआधी लॅपटॉप, दागिने, रोकड काढून घ्यावी, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि ताब्यात घेतल्याची पावती मागावी.

परवाना आणि न्यायालय

कलम २०६ नुसार पोलीस परवाना जप्त करून तो परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवतात. त्याबद्दल पोचपावती मिळते. येथे अनेकांची फसगत होते. इतर काही प्रकरणांत अशी पावती दाखवून गाडी चालवता येते. या प्रकरणात परवाना परत मिळेपर्यंत ती पावती गाडी चालवण्याचा अधिकार देत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पावतीवर कामाला गाडी घेऊन निघालेला माणूस नवा गुन्हा करत असतो.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा कबूल करून दंड भरणे हा झटपट मार्ग वाटतो आणि बहुसंख्य लोक तोच पत्करतात. आकडा स्पष्ट असेल, कागद चोख असतील, तर त्यात गैर काही नाही. मात्र ती दोषसिद्धी असते, हे समजून मग कबुली द्यावी. दोषसिद्धीनंतर कलम २० नुसार न्यायालयाला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवावे लागते, सरकारी नोकरीच्या व व्हिसाच्या अर्जांतील प्रश्नांना त्याप्रमाणे उत्तर द्यावे लागते, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास ही नोंद दोन वर्षांच्या शिक्षेचे दार उघडते. चालकाच्या नोकरीवर ज्यांचे घर चालते त्यांनी वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नये. बचाव करायचा तर तो वर सांगितलेल्या नोंदींवरच उभा राहतो: छापील पावती आहे का, यंत्राच्या अंशशोधनाचे, म्हणजे ते अचूक आकडा दाखवते का याच्या तपासणीचे, प्रमाणपत्र चाचणीच्या तारखेस वैध होते का, चाचणी घेणारा साक्षीला आला का, वेळांचा मेळ बसतो का.

विम्याचाही विचार करावा. नशेत चालवताना झालेल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. श्वास किंवा रक्ताचा आकडा नोंदलेला नसला तरी इतर परिस्थितीवरून कंपनीला चालकाची नशा सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पर्ल बेव्हरेजेसच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘फुंकलो नाही म्हणून वाचलो’ या समजाला तेथेही जागा नाही. आणि ज्याने प्यालेल्या मित्राच्या हाती जाणूनबुजून आपली किल्ली दिली, त्यालाही कलम १८८ खाली चिथावणीबद्दल तीच शिक्षा होऊ शकते.

परिवहन कार्यालयातील कार्यवाही न्यायालयाहून वेगळी चालते. परवाना तेथे पोहोचल्यावर बाजू मांडण्याची संधी देणारी नोटीस येते. परवान्यावरील पत्ता जुना असेल तर ती जुन्या घरी जाते आणि आदेश एकतर्फी होतो, म्हणून पत्ता आधीच अद्ययावत करून घ्यावा. पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता येऊ शकते. पुढच्या वेळी परवाना रद्द होऊ शकतो. नोटिशीला लेखी उत्तर द्यावे, सुनावणीस पावतीची प्रत आणि असल्यास रक्तचाचणीचा अहवाल घेऊन जावे, आणि अपात्रतेचा काळ संपल्यावरही परवाना आपोआप घरी येईल अशी वाट पाहत बसू नये, कारण चालकांसाठीचा उजळणी प्रशिक्षण वर्ग यशस्वीपणे पूर्ण केल्याचे दाखवल्याशिवाय तो परत मिळत नाही.